दीड फुटाचा सकर, मे महिना आणि पुण्याचा रस्ता

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो. पुण्यात जॉब लागलाय, १८ मेला जॉइन व्हायचंय. घरी चार फुटी टँक आहे, त्यात दोन ऑस्कर मासे आणि एक सकर मासा. सकर आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता दीड फूट झालाय. ऑस्कर तर नेणारच, पण सकर गाडीत कसा न्यायचा ते कळेना. आई म्हणते हिप्परग्याच्या तलावात सोड, त्याचा जीवही वाचेल आणि आपल्याला पुण्यही लागेल. दुसरं म्हणजे मोहोळला मामांचं शेततळं आहे, मामा म्हणतात पुण्याकडून येताना मांगूर माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, घेऊन ये. टेम्पोवाला ओळखीचा आहे, तो म्हणतो बिलावर दुसरंच काहीतरी लिहू. आणि पुण्यातला एक मित्र आशियाई अरोवाना मासा स्वस्तात देतोय, कागद नाहीत म्हणतो. काय करू?"

अरे बाबा, तुझं पत्र दोनदा वाचलं. तू विचारून करतोयस हे लई बरं वाटलं, कारण बहुतेक लोक आधी सोडून येतात आणि मग विचारतात. आधी सकरचं बोलू, कारण माझ्या जिवाला घोर लागलाय तो त्याचाच.

सकर हिप्परग्यात सोडायचा नाही. हिप्परग्यात नाही, संभाजी तलावात नाही, सिद्धेश्वर तलावात नाही, आणि पुण्याला जाताना भिगवणजवळ उजनी धरणाचं पाणी दिसलं म्हणून गाडी थांबवून तिथे तर अजिबात नाही. हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, ॲमेझॉन वगैरेकडचा. काच चाटून साफ करतो म्हणून दुकानात प्रत्येकाच्या गळ्यात मारतात आणि तो एवढा वाढतो हे कोणी सांगत नाही. अंगावर खवल्यांच्या जागी हाडासारख्या कडक पट्ट्या असतात, त्यामुळे आपल्याकडचा दुसरा मासा त्याला सहसा खात नाही. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की वर येऊन हवा गिळतो आणि पोटातूनच श्वास घेतो, म्हणून घाण पाण्यातही टिकतो, ओलावा असला तर पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहतो. आणि काठाच्या मातीत हातभर, कधी त्याहून खोल बिळं पाडून अंडी घालतो, त्याने बांध, कालव्याचे काठ पोखरले जातात. उजनीत तो पोचलाय, कोळी बांधव त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. जाळ्यात अडकला की त्याचे काटे सोडवता सोडवता जाळं फाटतं आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही, म्हणजे दिवसाची मेहनत गेली ती गेली, वर जाळ्याचा खर्च. उजनीत तो स्वतः चालत गेला नसणार. कोणाच्या तरी टँकमधनं, कोणाच्या तरी पिशवीतनं, "जाऊ दे, जगेल बिचारा" असं म्हणून गेला असणार.

आईला माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव. ताई, तुमची भावना खरी आहे, मुका जीव मोकळा सोडणं हे आपल्याकडे पुण्यकर्मच मानतात. पण हा एक जीव पाण्यात सोडला तर तलावातल्या आपल्या माशांचं खाणं आणि अंडी घालायची जागा तो घेतो. हिप्परगा म्हणजे एकरुख तलाव, १८७१ पासूनचा, सोलापूरच्या कितीतरी पिढ्या त्या पाण्यावर वाढल्यात. या सकरला सांभाळणारा नीट माणूस शोधून दिलात तर जीव वाचवल्याचं पुण्य तेवढंच लागेल असं मला मनापासून वाटतं.

आता न्यायचा कसा. इथे थोडा सविस्तर लिहितो कारण एकदा मी स्वतः चुकलोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याहून चार गोल्डफिश आणि एक वीतभर सकर घेऊन खासगी बसने निघालो. दुकानदाराने सकरला एकाच पिशवीत भरलं होतं, दुहेरी नव्हती. इंदापूरच्या पुढे मांडीवर ओल जाणवली, बघतो तर सकरच्या छातीच्या पराचा काटा पिशवीतून बाहेर आलेला, अगदी सुईच्या टोकाएवढा, आणि तिथनं पाणी थेंब थेंब ठिबकतंय. रुमाल दाबून धरला, टेंभुर्णीला बस थांबली तेव्हा पाण्याची पाच लिटरची बाटली घेतली, टपरीवाल्याकडनं ब्लेड मागून तिचं तोंड कापलं आणि त्याला त्यात ओतला. सकर वाचला. गोल्डफिश मात्र चारही गेले, आणि ते प्रवासात नाही गेले, घरी आल्यावर गेले. पिशवी उघडून तासभर टँकमध्ये तरंगत ठेवली होती, तेवढ्यात तडफडले.

ते का झालं हे मला फार उशिरा कळलं. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो, पाणी जरासं आम्ल होतं. माशाच्या अंगातून अमोनियाही येतच असतो, पण आम्ल पाण्यात तो बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड भराभर उडून जातो, पाण्याचा पीएच वर चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो, आणि तोच साठलेला अमोनिया विषारी होतो. म्हणजे मी काळजीने पिशवी उघडी ठेवली आणि त्यांना त्याच विषात तासभर बसवलं. म्हणून लक्षात ठेव, ऑक्सिजन भरलेली बंद पिशवी वाटेत उघडून बघायची नाही, पोचल्यावर बंदच ठेवून १५-२० मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगू द्यायची, तापमान सारखं झालं की उघडायची आणि मासा लगेच टँकमध्ये घ्यायचा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

तुझे दोन ऑस्कर असेच ऑक्सिजन पॅकिंग करून ने. ॲक्वेरियमच्या दुकानात सिलिंडर असतो, माशासकट गेलास तर करून देतात. एका पिशवीत एकच मासा, पिशवीत पिशवी अशी दुहेरी, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन. पिशवीचे खालचे दोन कोपरे रबर लावून बांधून घ्यायला सांग, नाहीतर मासा कोपऱ्यात अडकून चेंगरतो. वरून थर्मोकोलचा बॉक्स, झाकण लावून टेप. अंधारात मासा शांत राहतो आणि ऑक्सिजनही कमी वापरतो. निघायच्या आधी दोन दिवस खायला काही द्यायचं नाही. तुला वाईट वाटेल, पण एवढ्या मोठ्या माशाला दोन दिवस उपाशी राहिल्याने काही होत नाही, आणि पोट रिकामं असलं की पाण्यात घाण कमी, अमोनिया कमी.

सकरला मात्र पिशवी नको. झाकणाची २० लिटरची रंगाची बादली असते ना, पण रंगाची वापरलेली घेऊ नको, नवीन घे, झाकणाला चार-सहा भोकं पाड, निम्म्याच्या थोडं वर पाणी भर, ते त्याच्याच टँकचं. वर हवा राहिलीच पाहिजे कारण तो हवा गिळायला वर येतो, काठोकाठ भरलीस तर त्याला जागाच उरत नाही. बॅटरीवरचा छोटा एअर पंप मिळतो, तो झाकणावर चिकटव आणि नळी आत सोड. दीड फुटाचा मासा त्यात जरा वाकून बसेल, चार-पाच तासांचा प्रश्न आहे, बसेल. त्याला जाळीने पकडू नको, त्याच्या परांचे काटे उघडून अडकून बसतात, ते जाळीतून सोडवताना त्यालाही इजा आणि तुझ्या बोटालाही. ओला जाड टॉवेल घे, पर अंगाला मिटवून दाबून धर, किंवा मोठा डबा पाण्यातच त्याच्यापुढे धरून आत ढकल.

आपल्याकडे मे म्हणजे ४२-४३ डिग्री, दुपारी बंद गाडीत त्याहून जास्त. म्हणून पहाटे चारला निघ. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, म्हणजे ऊन चढायच्या आत तू हडपसरच्या पलीकडे असशील. चहाला थांबलास तर गाडी सावलीत, काचा खाली, आणि एक माणूस गाडीजवळ. बर्फ बादलीत टाकायचा नाही, एकदम तापमान पडलं की मासा धक्क्यानेच जातो. गोठवलेली पाण्याची बाटली पेपरात गुंडाळून बादलीच्या बाहेर टेकवून ठेव, बास. आणि एसीची थेट हवा बादलीवर नको.

फिल्टरमधला स्पंज आणि दगड टँकच्याच पाण्यात बुडवून वेगळ्या डब्यात घेऊन जा, झाकण सैल ठेव. त्यातले जिवाणूच अमोनिया खातात, ते वाळले की नवीन घरी टँक सुरुवातीपासून तयार करावा लागतो. जुनं पाणीही निम्मं ने. पुण्यात पोचल्यावर पहिला दिवस खायला नाही, लाईट नाही. आणि खरं सांगायचं तर चार फुटी टँक सकरला आत्ताच कमी पडतोय, तेव्हा पुण्यात मोठा टँक असलेला कोणी सापडला तर त्याला देऊन टाक, त्यात कमीपणा नाही. दुकानवालेही बऱ्याचदा परत घेतात, फोन करून विचार. कोणीच घेतलं नाही आणि तुलाही जमेना तर पशुवैद्यांशी बोल, लवंग तेलाने माशाला वेदना न होता शेवटची झोप देता येते. मी एकदा एका आजारी माशासाठी ते केलंय, तो दिवस विसरलो नाही, पण तलावात सोडण्यापेक्षा ते बरंच बरं.

वाटेत बादलीतलं पाणी बदलायची वेळ आली तर ते गटारात, ओढ्यात, पुलावरून खाली असं ओतायचं नाही. त्या पाण्यात गोगलगायीची पिल्लं असतात, माशाच्या अंगावरच्या उवा आणि त्यांची अंडी असतात, पाणवनस्पतीचे तुकडे असतात, आणि एक तुकडा पुरतो, उजनीतली जलपर्णी बघतोसच ना. कोरड्या मातीत, उन्हात, पाण्यापासून लांब ओत. जाळी, बादली, नळ्या नंतर कडक उन्हात खडखडीत वाळव. आणि मासा वाटेत मेलाच तर तोही पाण्यात फेकायचा नाही, पेपरात गुंडाळून ने आणि पुर.

दुकानाचं बिल असलं तर सोबत ठेव, नसलं तर टँकचे जुने फोटो मोबाईलमध्ये असू देत, कोणी विचारलं तर घरचे पाळीव मासे घर बदलताना नेतोय हे दाखवता येतं. एवढं मात्र ध्यानात ठेव की प्राण्याला हाल होतील अशा रीतीने नेणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे. लोकांना वाटतं तो कायदा कुत्र्या-बैलांचा, पण त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी, मासाही त्यात आला.

आता मामांचं. इथे मी जरा कडक बोलणार, मामांनी राग मानू नये.

मांगूर म्हणजे बाजारात ज्याला थाई मांगूर म्हणतात तो, नाव थाई पण मासा मूळचा आफ्रिकेचा. केंद्र सरकारने २००० सालापासून त्याच्यावर बंदी घातलीय, पाळायला, विकायला, सगळ्यालाच, आणि नंतर हरित लवादानेही ती कडक लागू करायला सांगितलं. उजनीच्या काठाला मांगूरच्या तळ्यांवर जेसीबी फिरवून कारवाया झाल्यात, पेपरात तू वाचलंच असशील. आपला देशी मांगूर वेगळा, तो लहानखुरा, बंदी त्याच्यावर नाही, पण बीज बघून दोन्ही ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, म्हणून "देशीच आहे हो" असं कोणी म्हणालं तरी घेऊ नको. थाई मांगूर भराभर वाढतो, घाण पाण्यात जगतो, कोंबडीचं आतडं, मेलेली जनावरं काहीही खातो, म्हणूनच लोकांना तो परवडतो आणि म्हणूनच तो खाणाऱ्यालाही चांगला नाही. समोर येईल तो मासा, बेडूक, पिल्लं गिळतो. आणि हवेतून श्वास घेता येत असल्याने पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो.

मामांना एवढंच विचार, शेततळं भरून वाहतं तेव्हा पाणी कुठे जातं? मोहोळचं पाणी ओढ्याने सीनेत जातं, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला. मामांच्या तळ्यातून एक मांगूर निसटला तर त्याच्यापुढे एवढा रस्ता मोकळा आहे. उजनीतली चिलापी, म्हणजे तिलापिया, तशीच आलेली, तिचं मूळही आफ्रिका. १९५२ साली ती भारतात आणली, चांगल्या हेतूनेच आणली, लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. आज उजनीवर चिलापीच्या जिवावर कितीतरी घरं चालतात, भिगवणला लोक मुद्दाम ती खायला थांबतात, मीही थांबतो, ते मी नाकारत नाही. पण जुनी कोळी माणसं मरळ, वाम आता तेवढी लागत नाही म्हणून हळहळतात ते मी ऐकलंय, आणि चिलापीला परत फिरवायचा कुठलाही उपाय आज कोणाकडे नाही, मादी पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून कितीतरी वेळा वेतं होतात.

आणि टेम्पोवाला म्हणतो तसं बिलावर दुसरं काही लिहायचं हे तर तू मनातही आणू नको. पकडलं तर मासा नष्ट करतात, पैसे गेले ते गेले, बिल तुझ्या हातात, सही तुझी, आणि तुझी नवीन नोकरी. टेम्पोवाला दुसऱ्या दिवशी दुसरं भाडं घेईल.

मामांना मासे करायचेच असतील तर छान आहे, मी त्यांच्या बाजूने आहे. पण मे महिन्यात आपल्याकडची शेततळी तळाला गेलेली असतात, त्या गरम कोमट पाण्यात कुठलंच बीज टिकणार नाही. पाऊस पडून तळं भरू दे, जुलै-ऑगस्टमध्ये रोहू, कटला, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घ्या, जिरे नको, जिरे लहान असतात आणि मरतात फार. बीज नेतानाही नियम तेच, आदल्या दिवशी उपाशी ठेवलेलं, ऑक्सिजन भरलेलं, पहाटेच्या गारव्यात. तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी. आधी सोलापुरातल्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन या, बीज कुठून घ्यायचं ते तिथे विचारा, योजना काय आहेत तेही विचारा. गिफ्ट तिलापिया, म्हणजे चिलापीचीच सुधारलेली जात, पाळायचा कोणी सल्ला दिला तर त्याला आधी परवानगी लागते, तेही तिथेच कळेल.

अरोवानाचं थोडक्यात. आशियाई अरोवाना हा मासा जगभरात संरक्षित यादीत आहे, वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतही आहे. म्हणजे जिवंत मासा बाळगायचा तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, हातबदल झाला तरी कळवावं लागतं. कायदेशीर फार्मवरच्या माशाला चिप असते, सर्टिफिकेट असतं. "कागद नाहीत" हे ऐकलं की तिथेच थांबायचं, स्वस्त का आहे त्याचं उत्तर त्यातच आहे. मित्राने आधीच घेतला असेल तर त्याने वन विभागात जाऊन स्वतः विचारावं, लपवून ठेवू नये. त्याच दुरुस्तीने परक्या घातक प्रजाती आणणं, विकणं, बाळगणं यावर बंदी घालायचा अधिकारही केंद्राला मिळालाय, तेव्हा आज दुकानात सहज मिळणारा मासा उद्याही चालेल असं धरून चालू नको. २०२३ मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला, उत्तर अमेरिकेतला मासा, मगरीसारखं तोंड. तोही कोणीतरी हौसेने पाळलेलाच असणार.

तर तुझं काम एवढं. १५ तारखेपासून तिघांचंही खाणं बंद, १६ ला संध्याकाळी बादलीत नुसतं पाणी भरून झाकण लावून पंप चालू कर आणि रात्रभर ठेव, सकाळी बॅटरी उतरली असेल तर नवीन सेल घे आणि एक जोडी जास्तीची खिशात ठेव. १७ ला पहाटे तीनला ऑस्कर दुकानात पॅक करून मिळणार नाहीत, म्हणून दुकानदाराशी आत्ताच बोल, १६ ला रात्री दुकान बंद करताना करून देतो का विचार, नीट भरलेली पिशवी तेवढा वेळ टिकते. सकर मात्र शेवटी काढ, गाडी सुरू करायच्या दहा मिनिटं आधी. पोचलास की कळव, सकरने पुण्याच्या पाण्यात काच चाटायला कधी सुरुवात केली तेही कळव.